तांदळात गिरवलेलं नाव

तुमचं तेरावं झालं आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी ग्रामसेवक आपल्या पुढच्या सोप्यात येऊन बसला. चहा नको म्हणाला. पिशवीतून कागद काढले, गुडघ्यावर सारखे केले आणि म्हणाला, "काकू, आता ते काम होईल."

कोणतं काम, हे मला विचारावं लागलं नाही. दोन वर्षं त्याच कामासाठी मी पंचायतीच्या पायऱ्या चढत होते. संजूच्या लग्नाच्या नोंदीत सूनबाईचं नाव दुरुस्त करायचं होतं. ती नोंद तुम्ही केली होती, म्हणून तुमचा जबाब पाहिजे होता, आणि तो तुम्ही दिला नाहीत. आता ग्रामसेवक सांगत होता, की मूळ अर्जदार हयात नसेल तर त्याच्या मृत्यूचा दाखला जोडायचा, आणि बाकीच्यांच्या सह्यांवर दुरुस्ती होते.

म्हणजे तुम्ही जिवंतपणी जे होऊ दिलं नाहीत, ते तुमच्या मरणामुळे झालं. अहो, मला त्या क्षणी रडू यायला हवं होतं. मला राग आला. तो माणूस गेल्यावर मी तुमच्या फोटोचा तिरपा झालेला हार सरळ केला आणि फोटोकडे न बघता आत गेले.

हे लिहिते आहे ते तुम्हाला. पण ऐकणार आहेत संजूची मुलं, ईशा आणि ब्रुनो. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही, म्हणून संजू वाचून दाखवील. इंग्रजीत लिहिलं असतं तर पोरांना स्वतःच वाचता आलं असतं, आणि मला ते अवघडही नव्हतं. आष्ट्याच्या साऱ्या मुलांना मी इंग्रजीच शिकवलं. पण तुमच्याशी मी इंग्रजीत कधी भांडले नाही, आणि हे भांडणच आहे. अर्धवट राहिलेलं. मुलांना सगळे सांगतात, "तुमचे आजोबा जरा हट्टी होते." एवढंच त्यांच्या मनात राहिलं तर ते तुमच्यावरही अन्याय होईल आणि त्यांच्यावरही.

म्हणून पोरांसाठी पहिल्यापासून सांगते. तुम्हाला माहीत असलेलं पुन्हा ऐकावं लागेल. ऐका.

संजू साखरेतला माणूस. इथल्या कारखान्यात शिकला आणि ब्राझीलला गेला, कारण तिथेही नजर पोचेल तिथवर ऊस. तिथल्या कारखान्याच्या हिशेबखात्यात जुलियाना होती. ती पहिल्यांदा आपल्या घरी आली तेव्हा तुम्ही तिला जेवताना विचारलंत, "तुमचं मूळ गाव कुठलं?" आपल्याकडे कुणालाही विचारतात तसं. तिने सांगितलं, की पणजोबा इटलीच्या उत्तरेकडच्या एका खेड्यातले. तिकडे खायला मिळेना, म्हणून बायको घेऊन बोटीत बसले आणि ब्राझीलच्या कॉफीच्या मळ्यात मजुरीला आले. संजूने हे मराठीत सांगितलं. तुमचा घास हातातच राहिला.

"इटाली?" तुम्ही म्हणालात. "माझा बा तिथंच ऱ्हायला."

ईशा, ब्रुनो, तुमच्या आजोबांचे वडील पलटणीत होते. मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, त्यांची पलटण इटलीत होती. ते परत आले नाहीत. आजोबा तेव्हा आईच्या मांडीवर होते. त्यांनी वडलांना पाहिलं नाही, फोटोसुद्धा नाही, कारण फोटो काढलेलाच नव्हता. ही आई म्हणजे जानकी, माझी सासू. ऐन विशीत कपाळ पांढरं झालं आणि मग सगळा जन्म एका मुलाकडे बघत काढला.

त्या जेवणानंतर जुलियाना तुम्हाला परकी राहिली नाही. हे मी मान्य करते. तुम्ही गावभर सांगत फिरलात, "सून इटालीची हाय." मी म्हणायची, "अहो, ब्राझीलची." तुम्ही म्हणायचात, "मूळ इचारत्यात का पत्ता?"

लग्न इथेच झालं. आपल्याकडे लग्नात नवऱ्या मुलापुढे तांदळाचं ताट ठेवतात आणि तो अंगठीने त्यात बायकोचं नवीन नाव गिरवतो. सासरचं नाव. माहेरचं आडनाव तर जातंच, वर पाळण्यातलं नावही जातं. संजूने अंगठी हातात घेतली. तो 'जुलियाना'च लिहिणार होता, मला आधी सांगून ठेवलं होतं त्याने. तुम्ही मागून वाकलात.

"जानकी लिही."

"अण्णा, तिला आवडेल का, विचारतो तरी."

"माझ्या आईचं नाव हाय. आवडायला काय झालं? लिही."

भोवती माणसं वाकून बघत होती. तुमचा दोस्त आप्पा ओरडला, "काय ठिवलं रं नाव?" कोणीतरी ताटात बघून म्हणालं, "जानकी!" आप्पा म्हणाला, "लय गोरी जानकी हाय गड्या!" आणि सगळा मांडव हसला. जुलियानाही हसली. तिला काय चाललंय ते कळत नव्हतं. संध्याकाळी तिने मला विचारलं, "आई, जानकी कोण?" मी म्हटलं, "तू."

इथवर ठीक होतं. घरोघरी असं होतं. पत्रिकेत एक नाव, ताटात एक नाव, आणि शेवटी माणसं बाईला संजूची आई म्हणूनच ओळखतात. पण तुम्ही तेव्हा सरपंच होतात. लग्नाची नोंद करायला स्वतः गेलात, वराचे वडील म्हणून अर्ज केलात आणि वधूच्या नावापुढे सांगितलंत, जानकी. नुसतं जानकी. तिच्या पासपोर्टावर काय आहे ते तुम्ही बघितलं नाहीत आणि सरपंचाला कोण विचारणार? पोरांचं विमान होतं. तुम्ही बोट ठेवलंत तिथे दोघांनी सह्या केल्या.

ब्राझीलमध्ये तेव्हा, दोन्ही नावं एकाच बाईची, एवढ्या प्रतिज्ञापत्रावर भागलं. दोन मुलं झाली. त्यांच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव जुलियाना. कुणाचं काही अडलं नाही, आणि तुम्ही फोनवर तिला जानकीच म्हणत राहिलात. ती "हां अण्णा" म्हणत राहिली.

मग तिच्या भावाने इटलीचं नागरिकत्व मागायचं ठरवलं. त्यांच्याकडे तशी सोय होती. पणजोबा इटलीचा नागरिक असताना त्याला मूल झालं असेल, तर त्या मुलाचा हक्क, मग त्याच्या मुलाचा, असं कितीही पिढ्या खाली येता यायचं. मात्र साखळी दाखवावी लागायची. प्रत्येक पिढीचा जन्म, लग्न, मरण. तिच्या भावाने साखळी जुळवली, अर्ज भरला, त्याच्या मुलांचं काम झालं. आपल्या मुलांची साखळी इथे, आपल्या गावच्या पंचायतीत येऊन तुटली. संजूची बायको जानकी. मुलांची आई जुलियाना. अर्ज भरून देणाऱ्या वकीलबाईंनी संजूला विचारलं, की तुमची दोन लग्नं झाली आहेत का?

संजूने हे तुम्हाला फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही खदखदून हसलात. "नशीबवान हायस की मग!" मीही हसले होते. आपल्याला वाटलं, एका सहीचं काम आहे.

ते कुणासाठी होतं हे तुम्हाला चांगलं ठाऊक होतं. ब्रुनोला इटलीचं काही पडलेलं नव्हतं. ईशाला होतं. आणि ईशाला ते वेड लावणारे तुम्हीच. ती शाळेत होती तेव्हा सुट्टीला आली. तुम्ही तिला एम-एटी गाडीवर मागे बसवून आप्पाच्या तासगावच्या बागेत नेलंत. द्राक्षाची छाटणी चालली होती. तुम्ही तिच्या हातात कात्री दिलीत आणि फांदीवरचा कोणता डोळा फुटायला ठेवायचा, कोणता काढायचा, हे एकदा दाखवलंत. दुपारपर्यंत ती मजुरांच्या ओळीत चालत होती. येताना रस्त्यात भेटेल त्याला तुम्ही सांगत होतात, "नात हाय माझी. ब्राझीलची. हात बघा पोरीचा, हात बघा." ती मुलगी तिकडे जाऊन द्राक्षाचंच शिकली. पुढचं शिक्षण तिला इटलीत घ्यायचं होतं. कॉलेजने जागा द्यायची तयारी दाखवली होती. नागरिक झाली असती तर शिकून तिथेच मळ्यावर काम करता आलं असतं. नाहीतर व्हिसा, फी, आणि शिक्षण संपलं की परत.

एका सहीवर होतं हे सगळं.

तुम्ही पहिल्यांदा नाही म्हणालात तेव्हा मला वाटलं चेष्टा आहे. संजू फोनवर होता, फोन मी डब्याला टेकवून ठेवला होता, तुम्ही पान लावत होता.

"मला एक सांग," तुम्ही म्हणालात, "तिचा पणजा तिथनं पळून आला. त्याच्यावर माझ्या नातीला देश मिळतो. व्हय?"

"हो अण्णा."

"आणि माझा बा तिथं मातीत गेला. त्याचं काय मिळतं?"

"अण्णा, कायद्यात कोण कुणाच्या पोटी जन्मला ते बघतात."

"मेलेलं न्हाई बघत?"

"नाही."

"मग लय सोयीचा कायदा हाय. पळालेल्याचं रक्त मोजायचं, सांडलेल्याचं न्हाई."

ते खरं होतं. पण अहो, त्याचा राग इटलीवर काढायचा होता. ईशावर का काढलात?

मी पंचायतीत गेले. ग्रामसेवक म्हणाला, "काकू, अर्ज साहेबांचा आहे, त्यांचा जबाब लागेल." मी म्हटलं, नवराबायको दोघं लिहून देतायत, पासपोर्ट आहे, जन्मदाखला आहे, आणखी काय पाहिजे? तो खुर्चीत पुढे सरकला. "खरं सांगू का? नियमात बसवायचं म्हटलं तर बसवता येईल. पण साहेब गावात असताना, त्यांच्या मनाविरुद्ध, त्यांनी केलेली नोंद मी बदलायची? मला इथं राहायचं आहे." तो तरी काय करणार? सरपंचपद जाऊन किती वर्षं झाली, पण गाव तुम्हाला भीतच होतं. तुम्हाला ते आवडायचं.

मग जुलियाना स्वतः आली. एकटी, एवढा प्रवास करून, फक्त तुमच्याशी बोलायला. सकाळी तुम्हाला कॉफी करून दिली, समोर खाली बसली आणि तिच्या तोडक्या मराठीत म्हणाली, "अण्णा, सही करा ना."

"तुला ह्या घरात काय कमी पडलं, जानकी?"

"काही नाही, अण्णा."

"मग माझ्या आईचं नाव का टाकतीस?"

"नाव टाकत नाही. घरी जानकी. कागदावर जुलियाना. माझ्या मुलीसाठी."

"कागदावरच तर ऱ्हातंय माणूस," तुम्ही म्हणालात. कप तसाच ठेवलात आणि उसाकडे निघून गेलात. जेवायलाही आला नाहीत. ती दिवसभर उंबऱ्यापाशी बसून होती. मी तिला म्हटलं, आत ये, तर म्हणाली, "आई, ते आले की मी परत विचारते." तुम्ही आलात ते दिवे लागल्यावर, आणि हात धुऊन सरळ आडवे झालात. तिच्याकडे बघितलंही नाहीत.

मला वाटत होतं, ते सगळं तुमच्या वडलांचं आणि आईचं आहे. बिनबापाचं मूल, बाईने कष्टाने वाढवलं, तिचं नाव कुठेतरी राहावं. समजू शकते मी. म्हणून मी तुम्हाला तेव्हा एका गोष्टीची आठवण करून दिली नाही. आता करून देते.

आपल्या लग्नात ताट तुमच्यापुढे होतं. मी कोरेगावची, बी.ए. झालेली, सुमन. तुमच्या आईने नाव ठरवून ठेवलं होतं, रुक्मिणी. सगळ्या भावकीला सांगून झालं होतं. तुम्ही ताटात 'सुमन' लिहिलंत. आई तुमच्यावर डाफरल्या, तेव्हा तुम्ही काय म्हणालात ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "तिच्या सगळ्या सर्टिफिकिटावर सुमन हाय. उद्या नोकरी लागायची, तवा कुठं हिंडत बसू नावासाठी?" आणि खरोखर, मला नोकरी लागली तेव्हा माझ्याबरोबरच्या दोघीजणी नाव बदलल्याचे कागद गोळा करत वर्षभर सातारा-सांगली फिरत होत्या. मी सरळ वर्गात गेले. मी एम.ए.च्या परीक्षेला सांगलीत राहिले तेव्हा संजूला न्हाऊमाखू घालणारे तुम्ही. शाळा सुटायच्या वेळेला एस.टी. स्टँडवर एम-एटी उभी करून वाट बघणारे तुम्ही. बाया तोंडाला पदर लावून हसायच्या, "मास्तरणीचा डायव्हर आला." तुम्ही म्हणायचात, "हसू द्या, डायव्हरला पगार चांगला हाय."

मी जे काही झाले ते तुमच्यामुळे झाले. हे मी कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाही नाही. आज सांगते. आणि त्याच तोंडाने विचारते, की नाव बदललं की बाईचं काय काय अडतं हे साऱ्या पंचक्रोशीत ज्याला सगळ्यात आधी कळलं होतं, त्या माणसाने तिच्या बाबतीत ते का विसरावं? माझं राखलंत. तिचं का पुसलंत?

मी शोधून शोधून एकच उत्तर काढलं आहे. मी कुठे जाणार नव्हते. कोरेगावहून या गावात, फार तर सुट्टीत कोयनानगरला थोरल्या बहिणीकडे. मला बांधायची गरज नव्हती. ती जाणार होती आणि तुमचा एकुलता एक पोरगा घेऊन जाणार होती. म्हणून तिला आईच्या नावाने खुंटीला बांधून घेतलंत. आणि ईशाच्या वेळी तीच खुंटी तुम्ही पुन्हा घट्ट धरलीत.

हे तुम्ही एकदा, एकदाच बोलून दाखवलंत. शेवटच्या हिवाळ्यात. आप्पाकडून द्राक्षाची पेटी आली होती. तुम्ही एक मणी तोंडात टाकलात आणि कुणाला न सांगता सांगितल्यासारखं म्हणालात, "द्राक्षं हितं बी हायत की. त्यासाठी इटालीला कशाला जायाला पायजे?" मी म्हटलं, "मग तिला बोलवा. सांगा तिला." तुम्ही म्हणालात, "मी कशाला सांगू? तिला कळत न्हाई व्हय?" आणि पेटी माझ्याकडे सरकवलीत.

पुढे संजूचा फोन आला. इटलीने कायदा बदलला होता. आता आई-वडील किंवा आजी-आजोबा, एवढंच बघणार. पणजोबा, खापरपणजोबा बंद. ज्यांचे अर्ज आधी गेले त्यांचं जुन्या नियमाने चालेल. आपला गेलेला नव्हता. संजू ओरडला नाही, तुम्हाला दोष दिला नाही. "अण्णांना सांग," एवढंच म्हणाला. मी तुम्हाला जेवता जेवता सांगितलं. तुम्ही आमटीत भाकरी कुस्करत राहिलात. मग म्हणालात, "बरं झालं. भांडान मिटलं."

अहो, तुमच्या सगळ्या आयुष्यात तुमच्या तोंडून बाहेर पडलेलं ते सगळ्यात वाईट वाक्य.

त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतं बोलले. पाणी तापलंय. गोळी घ्या. लाइट बिल भरून या. तुम्हीही तसंच. एवढ्या वर्षांचा संसार आणि आपण दोघं लॉजमध्ये उतरलेल्या अनोळखी माणसांसारखे एका घरात वावरत होतो. मला वाटायचं, कधीतरी तुम्ही म्हणाल, चुकलं. चुकलं म्हटलं नसतं तरी चाललं असतं. "पोरीला फोन लाव," म्हणाला असता तरी मी समजून घेतलं असतं. सांगलीच्या दवाखान्यात तुमच्या उशाशी बसले होते तेव्हासुद्धा मी वाट बघत होते. तुम्ही डोळे उघडलेत, माझा हात धरलात, मला वाटलं आता. तुम्ही म्हणालात, "खालच्या वावरात पाण्याची पाळी हाय. सांगून ठिव." मी सांगून ठेवलं. पाणी सोडलं त्यांनी. तुमच्या उसाला एक पाळी चुकली नाही.

संजू, जुलियाना आणि ईशा तुमच्या दहाव्याला पोचली. ब्रुनोची परीक्षा होती. घाटावर बायकांनी जुलियानाला घेरलं. कोण कुठली विचारत होत्या. तिने सांगितलं, "मी जानकी." मी वळून बघितलं. तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत होती, की तेवढंच सोपं होतं म्हणून, मला कळलं नाही. मी तुमच्या वतीने तिची माफी मागायला तोंड उघडलं आणि मिटलं. तुमच्या वतीने का मागू? ती तुमची होती मागायची.

ग्रामसेवक आला तो त्यानंतर. पोरं अजून घरातच होती. संजू म्हणाला, "आई, आता कशाला? उपयोग काय?" वकीलबाईंनी सांगितलं होतं, की कोर्टात जाऊन बघता येईल, पण खात्री नाही, खर्च मात्र खात्रीचा. जुलियाना म्हणाली, राहू दे. मी ऐकलं नाही. आम्ही तिघं पंचायतीत गेलो. त्या दोघांनी सह्या केल्या. तुमच्या जागी मी केली. अर्जात दुरुस्तीचं कारण लिहायचं होतं. ग्रामसेवकाने आधीच लिहून आणलं होतं, 'नजरचुकीने'. मी पेन घेऊन ते खोडलं. शाळेत असताना मी मुलांना खाडाखोड करू दिली नाही कधी. खोडून लिहिलं, 'वराच्या वडिलांच्या सांगण्यावरून'. ग्रामसेवक म्हणाला, "काकू, साहेब आता नाहीत." मी म्हटलं, "म्हणूनच."

आता शेवटचं सांगते, आणि हे सांगण्यासाठीच बाकीचं सगळं लिहिलं.

ईशा जायच्या आदल्या दिवशी माझ्याबरोबर मळ्यात आली. तुम्हाला ठाऊक आहे, तिला इंग्रजी मी शिकवलं, मराठी तुम्ही. लहानपणी फोनवर रोज तुमच्याशी बोलून बोलून ती तुमच्यासारखीच बोलते. संजूला हसू येतं, की ब्राझीलची मुलगी आणि तोंडात वाळव्याची बोली. बांधावर बसलो. मी तिला विचारलं, "आता काय करणार?" ती म्हणाली, चिलीत द्राक्षाच्या मोठ्या मळ्यावर काम मिळतंय, होकार कळवलाय. इटलीचं दुःख झालं का, असं मी विचारलं. म्हणाली, "झालं की. लय झालं. पर आता सपलं."

मग मी तिला विचारलं. विचारू नये ते विचारलं. म्हटलं, "ईशा, आजोबांनी तुला इकडे बोलावलं असतं, की ये, इथे द्राक्षं कर, आमच्याजवळ राहा, तर तू आली असतीस का?"

ती माझ्याकडे बघायला लागली. मला वाटलं, तिला प्रश्न समजला नाही. मी इंग्रजीत विचारणार, तेवढ्यात ती बोलली.

"आजी, मी वाट बघत हुते. त्यास्नी मी म्हटलं बी, आप्पा आजोबांच्या बागंत मला काम लागंल का. हसले नुसते. आले असते की मी. दोन-तीन वर्सं तरी आले असते. पर त्यांनी मला कवा इचारलंच न्हाई."

तिने बांधावरचं गवत उपटलं, हात झाडले आणि उठली. दुसऱ्या दिवशी गाडी आली, सामान चढलं, पोरं गेली.

अहो, ग्रामसभेत तुम्ही माइक धरला की सोडत नव्हता. भावाभावांची बांधाची भांडणं तुम्ही नुसत्या बोलण्याने मिटवलीत. परक्याच्या पोरीच्या सोयरिकीसाठी लोकांच्या दारात जाऊन चार चार वेळा शब्द टाकलात. आणि स्वतःच्या नातीला "पोरी, ये हिकडं" एवढं म्हणायला तुम्हाला जमलं नाही. त्याला ना पंचायत लागत होती, ना वकील, ना इटली. मराठीतच म्हणायचं होतं. तिला कळलं असतं. तिला मराठी तुम्हीच शिकवली होतीत.